विश्लेषण : शेपटीवर उभा राहून फळे फेकणारा 'बिशातेन' आला कुठून? जपानी लोककथेतल्या 'तेंगू'ची १,४०० वर्षांची गोष्ट

जंगलातल्या पडक्या देवळापाशी माणसाच्या कित्येक पट मोठे एक माकड उभे आहे. उभे आहे म्हणजे पायांवर नव्हे, शेपटीवर! पोटाच्या पिशवीतून ते एक फळ काढते आणि नेम धरून समोरच्या शिकाऱ्याला मारते. फळ फुटताच विषाचा ढग पसरतो. शिकारी खोकत मागे सरतो, तोवर दुसरे फळ आलेले असते.

'मॉन्स्टर हंटर राइज' खेळलेल्यांना हा प्रसंग सांगायला नको. या माकडासारख्या प्राण्याचे नाव बिशातेन. पहिल्या नजरेत ही गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातली गंमत वाटते. पण त्याची शेपटी, पंख आणि फळे या सगळ्यांची मुळे जपानी लोककथांत सापडतात. ती मुळे शोधत गेले तर वाटेत भारतही लागतो.

बिशातेन नेमका आहे काय?

'मॉन्स्टर हंटर' ही जपानच्या कॅपकॉम कंपनीची गेममालिका २००४ मध्ये सुरू झाली. खेळाडू शिकारी होतो, महाकाय प्राण्यांशी लढतो आणि त्यांच्या कातडी-नखांपासून नवी शस्त्रे, चिलखते बनवून पुढच्या शिकारीला निघतो. 'राइज' हा या मालिकेतला भाग २६ मार्च २०२१ रोजी निन्टेन्डो स्विचवर आला. जानेवारी २०२२ मध्ये तो संगणकावर, तर जानेवारी २०२३ मध्ये प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पोहोचला. आजवर त्याच्या दीड कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत.

या भागाचे वेगळेपण म्हणजे त्याचा अस्सल जपानी बाज. शिकाऱ्यांचे गाव कामुरा हे लोखंड गाळणाऱ्या जुन्या जपानी गावासारखे आहे. नव्या प्राण्यांपैकी बहुतेकांची कल्पना 'योकाई'वरून, म्हणजे जपानी लोककथांतल्या भुताखेतांवरून आणि चमत्कारिक जीवांवरून घेतली आहे. पाण्यातल्या 'काप्पा'वरून तेत्रानादोन आला, एका पायावर उड्या मारणाऱ्या छत्रीच्या भुतावरून आक्नोसोम आला आणि 'तेंगू'वरून बिशातेन.

हे नाते लपवलेलेही नाही. जपानी आवृत्तीत बिशातेनची ओळख 'तेंगू-जू', म्हणजे 'तेंगू-पशू' अशीच करून दिली जाते.

तेंगू म्हणजे कोण?

जपानमध्ये डोंगराची वाट चढू लागले की तेंगू भेटतोच. टोकियोच्या शिंजुकु स्थानकातून तासाभरात पोहोचता येणाऱ्या ताकाओ डोंगरावर त्याचे पुतळे आहेत. क्योटोजवळच्या कुरामा स्थानकाबाहेर त्याचा भलामोठा मुखवटा आहे. लाल चेहरा, भले लांब नाक, पाठीला पंख, हातात पिसांचा किंवा पानाचा पंखा आणि पायात एकाच दांड्याच्या उंच लाकडी खडावा हे त्याचे ठरलेले रूप. या खडावांना जपानीत 'गेता' म्हणतात.

वेश असतो डोंगरात तप करणाऱ्या 'यामाबुशी' साधूंचा. स्वभाव मात्र लहरी. डोंगरात कुठूनतरी अचानक दगड येऊन पडले, तर तो तेंगूचा मारा. त्यासाठी जपानीत 'तेंगू-त्सुबुते' असा स्वतंत्र शब्दच आहे. रात्री झाड कोसळल्याचा आवाज आला आणि सकाळी एकही झाड पडलेले दिसले नाही, तर तेही तेंगूचेच काम. मूल हरवले तर तेंगूने पळवले म्हणायचे. आपल्याकडे रानात वाट चुकली की 'चकवा लागला' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

पण तेंगू निव्वळ त्रास देणारा नाही. बाराव्या शतकातला प्रसिद्ध योद्धा मिनामोतो नो योशित्सुने लहानपणी कुरामा डोंगरावर सोजोबो नावाच्या तेंगूंच्या राजाकडे तलवारबाजी शिकला, अशी दंतकथा आहे. म्हणजे एकच तेंगू वाटसरूवर दगड टाकतो आणि योग्य शिष्य मिळाला तर त्याचा गुरूही होतो.

आधी कुत्रा, मग घार, मग लांब नाक

तेंगू या शब्दाचा अक्षरशः अर्थ 'स्वर्गातला कुत्रा'. शब्द आला चीनमधून. जपानच्या 'निहोन शोकी' या इ.स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या इतिहासग्रंथात तो पहिल्यांदा दिसतो. त्यातल्या नोंदीनुसार ६३७ मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे एक मोठा तारा गडगडाट करत गेला. लोक घाबरले. मिन नावाच्या भिक्खूने सांगितले, की हा उल्का नव्हे, हा तेंगू आहे.

त्यानंतर काही शतकांनी तेंगू घारीसारखा पक्षी झाला. बौद्ध भिक्खूंना मोहात पाडणारा, खोटे चमत्कार दाखवणारा, धर्माचा वैरी. पुढे डोंगरातल्या साधूंशी त्याची सांगड बसली आणि चोच हळूहळू मागे पडून लांब नाक आले. हा बदल एका झटक्यात झाला नाही. तोरियामा सेकिएन या चित्रकाराच्या १७७६ मधल्या योकाईंच्या गाजलेल्या चित्रसंग्रहात तेंगू अजून पक्ष्याच्याच रूपात आहे.

म्हणजे तेंगूचे 'मूळ रूप' असे एक नाहीच. प्रत्येक काळाने त्याला आपल्याला हवा तसा घडवला. त्यामुळे २०२१ मध्ये तो माकड होऊन आला, यावर 'लोककथेची मोडतोड' असा शिक्का मारणे कठीण आहे.

पण माकडच का?

तेंगू आणि माकड यांची गाठ पूर्वीही पडलेली आहे. जपानी पुराणकथांत सारुताहिको नावाचा एक देव आहे. स्वर्गातून उतरणाऱ्या देवांना तो वाट दाखवतो. 'निहोन शोकी'त त्याच्या नाकाची लांबी सात वीत सांगितली आहे. आजही अनेक जत्रांत मिरवणुकीच्या पुढे सारुताहिको चालतो आणि त्याचा मुखवटा पाहणाऱ्याला तेंगूचाच वाटतो. त्याच्या नावातला 'सारु' ज्या अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ आहे 'माकड'.

डोंगरातल्या माकडाची भीतीही जुनीच. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनियो यांनी तोनो या भागातल्या गोष्टी ऐकून १९१० मध्ये 'तोनो मोनोगातारी' हे पुस्तक काढले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या फक्त ३५०. त्यात म्हातारे होऊन योकाई बनलेल्या माकडांची गोष्ट आहे. ही माकडे अंगाला झाडाचा चीक फासतात, त्यावर वाळू थापतात आणि मग बंदुकीची गोळीही त्यांच्या कातडीतून आत जात नाही. आजच्या गेममधल्या एखाद्या 'बॉस'ला शोभेल असे हे वर्णन शंभर वर्षांपूर्वी छापलेले आहे.

फळांचा मारा कुठून आला?

बिशातेन जी फळे फेकतो ती 'काकी', म्हणजे पर्सिमन. नाव परके वाटेल, पण विदर्भात ज्याच्या पानांच्या विड्या वळतात त्या तेंदूच्याच कुळातले हे झाड आहे. पिकलेले काकी मधासारखे गोड लागते. कच्चे मात्र दगडासारखे टणक आणि इतके तुरट, की तोंड आवळून यावे.

माकड आणि काकी म्हटले की जपानमध्ये एकच गोष्ट आठवते. 'सारु-कानी गास्सेन', म्हणजे माकड आणि खेकड्याची लढाई. खेकड्याकडे भाताचा गोळा असतो, माकडाकडे काकीची बी. 'बी पेरलीस तर वर्षानुवर्षे फळे खाशील' असे पटवून माकड भाताचा गोळा घेऊन जाते. खेकडा बी पेरतो, झाड वाढवतो. फळे लागतात, पण खेकड्याला झाडावर चढता येत नाही. माकड वर चढते, पिकलेली फळे स्वतः खाते आणि कच्ची, टणक फळे खाली खेकड्याला फेकून मारते. त्यात खेकडा मरतो. पुढे त्याची पिल्ले मधमाशी, चेस्टनट आणि उखळ यांना सोबत घेऊन माकडावर सूड उगवतात.

जपानी मुलांना लहानपणापासून माहीत असलेली ही गोष्ट. त्यामुळे उंचावर बसून काकी मारणारे माकड पडद्यावर दिसले, की तिथल्या खेळाडूला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. खोडी काढणारा तेंगू आणि लबाड माकड अशा दोन गोष्टी एकाच प्राण्यात येऊन मिळतात.

लोककथेचा 'गेमप्ले' कसा होतो?

बिशातेनमधली खरी हुशारी इथे आहे. लांब नाक आणि लाल रंग दिला की झाला तेंगू, असे करणे सोपे होते. इथे कथेतली प्रत्येक खूण खेळाच्या नियमात बदललेली दिसते.

पहिली खूण गेता. एका दांड्याच्या खडावांवर तोल सांभाळत चालणे हे तेंगूचे वैशिष्ट्य. बिशातेन तसाच तोल शेपटीवर सांभाळतो. त्यामुळे त्याला उंची मिळते आणि शिकाऱ्याची तलवार वरपर्यंत सहज पोहोचत नाही. पण एका आधारावर उभे राहणाऱ्याचा तोल जाऊही शकतो. त्या क्षणी पुरेसा मार बसला, की तो धाडकन खाली येतो आणि शिकाऱ्याला वार करायला मोकळा वेळ मिळतो. 'माकडेही झाडावरून पडतात' अशी जपानी म्हण आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याच्याही नाकात पाणी जाते, हा तिचा भाव.

दुसरी खूण दगडांचा मारा. लोककथेत दगड कुठून येतात ते दिसत नाही. गेममध्ये ते दिसावे लागते, नाहीतर खेळाडू चिडून खेळ बंद करील. म्हणून फळे. काही फळांतून विष पसरते, काहींतून डोळे दिपवणारा उजेड. कोणते फळ बाहेर आले हे वेळीच ओळखले तर बचाव होतो. गेम बनवणाऱ्यांच्या भाषेत हा हल्ल्याआधीचा 'इशारा'. तो नसेल तर अवघड खेळ अन्याय्य वाटतो.

तिसरी खूण पंख आणि पंखा. बिशातेनचे पंख अंगावर पांघरलेल्या झग्यासारखे आहेत आणि शेपटीचे टोक पंज्यासारखे पकड घेते. ते पसरले की तेंगूच्या हातातला पंखा आठवतो. त्याच शेपटीने तो फळे पकडतो, फेकतो आणि शिकाऱ्यावर झडपही घालतो.

जून २०२२ मध्ये आलेल्या 'सनब्रेक' या विस्तारात बिशातेनचा नारिंगी भाऊबंद आला. तो काकीऐवजी पाइनची स्फोटक फळे फेकतो. खोडी तीच, दारूगोळा बदलला.

नावांतही हीच पद्धत दिसते. राक्षसी प्राण्यांचे कळप गावावर चालून येतात, त्याला जपानी आवृत्तीत 'ह्याकुर्यू याको' म्हणतात. हा 'ह्याक्की याग्यो', म्हणजे रात्री निघणाऱ्या शंभर भुतांच्या मिरवणुकीवरचा शब्दखेळ आहे. वेताळाची पालखी ऐकून माहीत असलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही.

यात भारत कुठे येतो?

दोन ठिकाणी, आणि दोन्ही धागे जुने आहेत.

पहिला धागा गरुडाचा. बौद्ध धर्माबरोबर गरुड चीनमार्गे जपानला पोहोचला आणि तिथे 'कारुरा' झाला. क्योटोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिरात बासरी वाजवणाऱ्या कारुराची मूर्ती आहे. चोच आणि पंख असलेल्या तेंगूच्या रूपावर या कारुराची छाप असावी, असे काही अभ्यासक मानतात.

दुसरा धागा 'कोन्जाकु मोनोगातारी' या बाराव्या शतकातल्या कथासंग्रहाचा. त्यात हजाराहून अधिक गोष्टी आहेत आणि त्यांचे भागच मुळी भारत, चीन आणि जपान असे आहेत. त्यातल्या एका गोष्टीत चक्क भारतातला एक तेंगू आहे. तो चीनकडे निघालेला असताना समुद्राचे पाणी बुद्धवचन म्हणत असल्याचे त्याला ऐकू येते. त्या आवाजाचा उगम शोधत तो जपानमध्ये हिएई डोंगरापर्यंत पोहोचतो. तिथे कळते, की पाणी येते आहे भिक्खूंच्या शौचकूपातून! इथले सांडपाणीही बुद्धवचन म्हणत असेल तर इथले भिक्खू किती थोर असतील, असे म्हणून तो पुढच्या जन्मी याच डोंगरावर भिक्खू होण्याचा निश्चय करतो. आणि होतोही.

याच संग्रहाच्या भारताच्या भागात माकड आणि कासवाची गोष्ट आहे. माकडाचे काळीज हवे म्हणून कासव त्याला पाठीवर घेऊन निघते आणि 'काळीज तर झाडावरच राहिले' असे सांगून माकड निसटते. कासवाच्या जागी मगर ठेवा, की झाली आपल्या पंचतंत्रातली गोष्ट. झाडावर बसून खालच्याला फसवणारे माकड गोष्टींच्या वाटेने आपल्याकडूनही जपानला गेलेले आहे.

गेममध्ये काय टिकले, काय हरवले?

हा प्रश्न केवळ हौशी नाही. गोष्टी ज्या गावांत सांगितल्या जात, ती गावे ओस पडत आहेत. जपानच्या २०२३ च्या सरकारी पाहणीत देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. डोंगराळ भागात तरुण शहरांकडे गेले, मागे म्हातारी माणसे राहिली. अंगणातल्या काकीच्या झाडावरची फळे उतरवायला कोणी नाही. ती खायला डोंगरातून माकडे आणि अस्वले गावात येतात. म्हणून बेवारस झाडे तोडा, नाहीतर फळे वेळेवर काढा, असे स्थानिक प्रशासनांना सांगावे लागते. खेकड्याच्या गोष्टीतले माकड तिथे आजही खरोखर झाडावर चढते. ती गोष्ट सांगणारी आजी मात्र गेलेली असते किंवा नातवंडे शहरात असतात.

अशा वेळी बिशातेनसारखा प्राणी लाखो मुलांपर्यंत तेंगूचे नाव पोहोचवतो, ही छोटी गोष्ट नाही. कोल्हापुरात किंवा पणजीत बसलेला खेळाडूही त्यामुळे 'तेंगू म्हणजे काय' हे शोधू लागतो.

पण देवाणघेवाणीत काही निसटतेही. लोककथेतला तेंगू डोंगराचा धाक होता. अमुक झाड तोडू नये, तमुक वाटेने रात्री जाऊ नये, असे तो गावाला शिकवायचा. कानागावा प्रांतातल्या साइजोजी मंदिरात आजही त्याच्यासाठी वाहिलेल्या लोखंडी गेता रांगेने ठेवलेल्या दिसतात. आपल्याकडे वेताळाला चपला वाहतात, त्यामागची भावना याच्या जवळची आहे. रात्री हिंडणारा कोणीतरी आहे आणि त्याचा मान राखायचा आहे.

गेममध्ये हा धाक उरत नाही. बिशातेन हरतो, त्याच्या कातड्याचे चिलखत बनते आणि उद्या तो पुन्हा हजर असतो. तेंगूचे रूप आणि त्याच्या खोड्या टिकल्या. डोंगरापुढे मान झुकवायला लावणारी भीती मात्र मागे राहिली.

आपल्याकडे असे काही होऊ शकते?

सुरुवात झाली आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओची 'राजी : अॅन एन्शंट एपिक' ही गेम २०२० मध्ये आली. हिंदू पुराणकथांच्या जगात भावाला शोधत निघालेल्या मुलीची ही गोष्ट स्विचसह सगळ्या मोठ्या मंचांवर पोहोचली. पण ती बहुतांशी पुराणांची, देव-असुरांची गोष्ट आहे. गावकुसाबाहेरचे लोक, म्हणजे पिंपळावरचा मुंजा, वाट चुकवणारा चकवा, पाण्यात ओढणारा गिऱ्हा, झोटिंग आणि हडळ, अजून गेममध्ये फारसे दिसत नाहीत.

बिशातेनपासून घ्यायचा धडा इथे कामाला येतो. नुसता चेहरा उचलून भागत नाही. गिऱ्हा पाण्याच्या काठाशी काय करतो, चकव्यातून सुटायला आजीने कोणता उपाय सांगितला होता, हे तपशील हवेत, कारण खेळाचे नियम त्यातूनच निघतात. तोनोच्या गोष्टी १९१० मध्ये कोणीतरी कान देऊन लिहून घेतल्या, म्हणून त्या आजही वाचता येतात. कोकणातल्या, विदर्भातल्या, गोव्यातल्या अशा अनेक गोष्टी अजून फक्त तोंडी आहेत. सांगणारी माणसे आहेत तोवर त्या ऐकून ठेवल्या, तर पुढे कुणालातरी त्यांची गेम करता येईल.